आणि इतर छत्तीस

माझं अक्षर चांगलं आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. पाचवी-सहावीत असल्यापासून मी लोकांचे अर्ज लिहून देत आले. रेशनकार्डात नाव वाढवायचं, विहिरीची नोंद सातबाऱ्यावर लावायची, पोरीचा दाखला काढायचा, असं काही निघालं की लोक कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर येत. घरात शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. भाऊ, म्हणजे माझे वडील, सही करतात, पण करताना जीभ दातांत धरतात. माय अंगठा लावते. त्याच अक्षरामुळे मी एका फौजदारी खटल्यात आरोपी क्रमांक एक झाले, आणि तो खटला चालू असतानाच मला देशाची सीमा ओलांडायची वेळ आली. हे कसं झालं ते सांगायचा प्रयत्न करते. सगळं नीट सांगता येईलच असं नाही.

आमचं गाव चोपड्याजवळ, तापीच्या उत्तरेला. चारही बाजूंनी केळी. मी तेव्हा जळगावला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि होस्टेलवर राहत होते. एप्रिलमध्ये परीक्षेच्या अभ्यासासाठी सुट्टी लागली म्हणून घरी आले, तर शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून नऊ दिवस झाले होते. डीपी जळली की त्या बाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी बंद. आणि केळी निसवलेली, घड बाहेर लोंबत होते. अशा वेळी पाणी तुटलं की झाड घडाचं वजन पेलत नाही, कमरेतून वाकतं आणि मोडतं. मोडताना फार मोठा आवाज होत नाही. ओलं कापड पिळल्यासारखा होतो. दुपारी बांधावर बसलं की तो इकडून तिकडून ऐकू यायचा. लोक त्या आवाजाकडे बघायचेही नाहीत.

गावातले एक वयस्कर शेतकरी आहेत, त्यांना सगळेच आबा म्हणतात. मीही म्हणते. तलाठ्यापासून आमदारापर्यंत कुणाकडेही कागद न्यायचा असला की आबा पुढे असतात. मी आले त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "पोरी, निवेदन लिख. उद्या रस्तावर बसनं शे."

मी लिहिलं. डीपी जळून किती दिवस झाले, किती एकर केळी आहे, किती वेळा ऑफिसात जाऊन आलो. खाली नावं आली. आमच्या गावात कुठल्याही सामाईक कामाला घरटी एक माणूस असतो. नाल्यातला गाळ काढायचा असो, भंडाऱ्याच्या भाज्या चिरायच्या असोत, हाक येते ती घरटी एकाची. मग या कामालाही तसंच ठरलं, घरटी एक नाव. भाऊ त्या दिवशी मामाच्या गावी डिझेल इंजिन मागायला गेले होते. म्हणून आमच्या घराचं नाव माझंच.

"कितव्या नंबरावर लिहू?" मी विचारलं.

"जिन्हं अक्षर, तिन्हं नाव पहिलं," आबा म्हणाले. "तू लिखेल शे, तू पहिली."

ओट्यावर बसलेल्या एका काकूंनी टोमणा मारला, "इले तर वरातमाबी पुढेच चालनं ऱ्हास."

सगळे हसले. मीही हसले आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. जमेल तितक्या सुंदर अक्षरात. मला अठरा वर्षं पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर बसलो. मोडलेल्या झाडांचे हिरवे, अर्धे भरलेले घड आणून रस्त्यावर आडवे मांडले होते. दीड-दोन तास झाले असतील. पोलिसांची गाडी आली. साहेबांनी उतरून विचारलं, "कोण कोण आहे यात? पुढारी कोण?"

इथे आमची चूक झाली. पण ती चूक आम्हाला चूक वाटलीच नाही. आबांनी पिशवीतून निवेदनाची दुसरी प्रत काढली आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या हातात दिली. सदतीस नावं, सदतीस सह्या आणि अंगठे, पत्त्यासकट. आबांना आयुष्यभर एकच सवय: सरकारी माणसाला कागद द्यायचा आणि त्याच्याकडून पोच घ्यायची. त्यांनी आपली प्रत पुढे केली.

"साहेब, पोच द्या."

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग आबांकडे. "पोच पाहिजे?"

"हां. सही, तारीख."

साहेबांनी अगदी आनंदाने सही केली. आबांनी ती पोच घडी करून टोपीत ठेवली. आमच्याच आरोपींच्या यादीची पोच होती ती. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, जमावबंदीचा आदेश मोडणं, असा गुन्हा त्याच संध्याकाळी नोंदवला गेला. आरोपी क्रमांक एक मी, आणि इतर छत्तीस.

डीपी बाराव्या दिवशी बसली. निम्मी केळी वाचली. आमच्या शेतातली बांधाकडची एक पट्टी वाचली नाही. पण लोक खूश होते, आणि गुन्ह्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आबा तर म्हणायचे, आपल्याकडे पोच आहे.

पुढच्या वर्षी दोषारोपपत्र दाखल झालं आणि चोपड्याच्या कोर्टातून समन्स आली. आम्ही सगळे दोन टेम्पो करून गेलो, जातमुचलक्यावर सुटलो आणि येताना कोर्टाबाहेर भजी खाल्ली. त्यानंतर तारखा सुरू झाल्या. खटला पुढे जायचा तर सगळ्यांवर एकत्र दोषारोप ठेवावा लागतो, त्या दिवशी सगळेच हजर लागतात. आणि सगळे कधीच हजर नसायचे. कुणी सुरतला कामाला गेलेलं, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या पायाला प्लास्टर. तीन वर्षांत दोघे वारले. पण कागदावर अजून सदतीसच होते. जळगावहून मी दर तारखेला एसटीने जायचे, पुकारा झाला की "हजर" म्हणायचे आणि पुढची तारीख वहीत लिहून परत जायचे. आमच्या वकीलसाहेबांकडे कागद चाळताना एकदा माझंच निवेदन समोर आलं. झेरॉक्सची झेरॉक्स झाल्यामुळे अक्षर जाड झालं होतं, पण माझंच होतं. "विनंती" या शब्दातली वेलांटी मी जरा लांब काढते, तीसुद्धा तशीच होती. त्या पानावर कोपऱ्यात कोर्टाचा नंबर पडलेला होता. मी बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी एक अर्ज भरायला लावला. युरोपातल्या बेल्जियम देशात एका प्रयोगशाळेत सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. केळीच्या रोपात विषाणू आहे की नाही हे ओळखायचं. तिथे जगभरातल्या केळीच्या जाती काचेच्या नळ्यांत सांभाळून ठेवल्या आहेत, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. त्या देशात केळी पिकतच नाही. मग त्यांनी का ठेवली? मॅडम म्हणाल्या, "पिकत नाही म्हणूनच. तिथे केळीचा रोग बाहेरून वाऱ्याने यायची भीतीच नाही." हे ऐकून मी होस्टेलवर येईपर्यंत त्याच विचारात होते. आपल्या शेतातली गोष्ट सुरक्षित राहावी म्हणून कुणीतरी ती इतकी लांब नेऊन ठेवली आहे.

माझी निवड झाली. मग पासपोर्टचा अर्ज आला आणि त्यात तो प्रश्न आला. तुमच्याविरुद्ध भारतातल्या कोणत्याही न्यायालयात फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का? हो किंवा नाही.

मी सायबर कॅफेतून उठून बाहेर आले आणि घरी फोन केला.

"नही लिख," भाऊ म्हणाले. "कोन देखस?"

धुळ्याचा माझा मावसभाऊ दोन वर्षं आखातात राहून आला होता. तो म्हणाला, "ताई, तू काय खून केलास का? रस्त्यावर बसलीस. नाही कर आणि मोकळी हो." मैत्रिणीही तेच म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर मलाही "नाही" लिहावंसं वाटत होतं. मी धीट नाही. पोलीस चौकशीला येतील, तेव्हा उघड होईल आणि सगळंच जाईल, ही भीती होती. पण तेवढीच भीती नव्हती. यादी माझ्या अक्षरात होती. मी "नाही" लिहिलं असतं, तर त्या दिवशी रस्त्यावर बाकीचे छत्तीसच बसले होते असं झालं असतं. हे मला तेव्हा कुणाला सांगता आलं नाही, म्हणून भाऊंना एवढंच म्हटलं, "भाऊ, मी हो लिहिते."

मग ते म्हणाले, "लिख मंग. पन नीट लिख."

वकीलसाहेब म्हणाले की आता आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल. ती मिळाली तर पासपोर्ट, नाही मिळाली तर काहीच नाही. त्यांनी अर्ज टाकला. सरकारी वकिलांनी त्यावर लेखी म्हणणं दिलं: आरोपी परदेशात गेल्यास परत येण्याची शाश्वती नाही, सबब अर्ज नामंजूर व्हावा. ते वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्याबद्दल कुणी असं म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. परत यायचं नाही म्हणजे कुठे राहायचं?

पण त्याच आठवड्यात आबा जळगावला कुणाला तरी दवाखान्यात बघायला आले आणि होस्टेलच्या गेटवर मला भेटले. त्यांनी मायने दिलेला डबा हातात दिला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग टोपी काढली, परत घातली.

"तू परत येशी ना वं?"

"आबा, तुम्हीपण?"

"मन्हं नही. बठ्ठा इचारतस. तू पहिली शे. तू उनी नही, ते आम्हनी तारीख आठेच सडी जाई."

त्यांचं म्हणणं खरं होतं. आरोपी क्रमांक एकच गायब झाली, तर बाकीच्यांचा खटला कधीच पुढे सरकला नसता. त्यातल्या निम्म्यांनी आता तारखेला जाणं हेच आयुष्यातलं एक काम करून घेतलं होतं. एकाच्या मुलाला सैन्यात भरती व्हायचं होतं आणि बापावर गुन्हा आहे म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. मी आबांना म्हटलं, "येईन." ते "हां" म्हणाले. पण जाताना गेटवरून त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

अर्जाच्या सुनावणीला जज्जसाहेबांना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून ते कागद वाचत होते. सरकारी वकील बोलले, आमचे वकील बोलले. मग साहेबांनी मला पुढे बोलावलं.

"केळी शिकायला जाताय?"

"हो साहेब."

"बेल्जियमला केळी होते का?"

"नाही साहेब."

"मग चोपड्याहून तिकडे कशाला? इथे काय कमी आहे?"

कोर्टात कुणीतरी हसलं. मी जे मॅडमनी सांगितलं होतं तेच सांगितलं: तिथे रोग जाऊ शकत नाही, म्हणून जगातल्या सगळ्या जाती तिथे ठेवल्या आहेत. आणि मग का कोण जाणे, पुढे म्हणाले, "साहेब, आमच्याकडे एखादी जात रोगाने संपली, तर ती तिथून परत मागता येते."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. माझ्याकडे बघितलं आणि लिहायला लागले. पेनचा आवाज येत होता. मी त्या हाताकडे बघत होते. माणूस बसल्या जागी चार ओळी लिहितो आणि दुसऱ्या माणसाला समुद्रापलीकडे जाता येतं किंवा येत नाही, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. मी स्वतः इतके अर्ज लिहिले, पण त्यांवर पलीकडच्या बाजूने लिहिलं जाताना कधी बघितलं नव्हतं.

परवानगी मिळाली. पासपोर्ट एक वर्षापुरता. जाण्यायेण्याचं तिकीट दाखवायचं, तिकडचा पत्ता द्यायचा, आणि परत आल्यावर पुढच्या तारखेला स्वतः हजर राहायचं. तारीख पडली ती मी परतल्यानंतर चौथ्या दिवशीची. त्या दिवशी दोषारोप ठेवायचा होता आणि सगळ्यांनी यायलाच हवं अशी ताकीद होती.

आदेशाच्या चार प्रमाणित नकला मी घेतल्या. प्रत्येक पानावर कोर्टाचा गोल शिक्का. जळगावात एकाकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं, ते व्हिसाच्या अर्जालाही जोडलं, आणि व्हिसा मिळाला. नकलांना हळदीचा हात लागू नये म्हणून मायने आधी हात धुतले, पदराला पुसले आणि मगच त्या उचलल्या. वाचता येत नसलं तरी ती शिक्क्यावरून बोट फिरवत होती.

"थंडी कितली शे तठे?" तिने विचारलं.

मे महिना होता. मी म्हटलं, फार नाही. तरी तिने दोन स्वेटर घातले पिशवीत.

मुंबईच्या विमानतळावर मी सकाळी पोचले. काचेची ती उंची, लोकांच्या त्या रांगा, आणि एवढी माणसं असून कुणीच कुणाला हाक मारत नाही. पासपोर्ट तपासणीच्या टेबलापुढे जमिनीवर एक पिवळी पट्टी होती. आपली पाळी येईपर्यंत तिच्या अलीकडे उभं राहायचं. मी त्या पट्टीकडे बघत होते. शेताच्या बांधापेक्षाही बारीक. पण ती कुणी ओलांडत नव्हतं. लहान मुलंसुद्धा.

माझी पाळी आली. अधिकाऱ्यांनी पासपोर्ट उघडला, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आले.

"एक वर्षाचा का?"

मी आदेश पुढे केला. त्यांनी मराठीच वाचायला घेतला. वाचता वाचता भुवया वर गेल्या. "तिकडे बसा जरा," ते म्हणाले.

बाजूला चार खुर्च्या होत्या. मी बसले. वीस मिनिटं असतील, पण त्या वीस मिनिटांत माझ्यासमोरून शंभरेक माणसं त्या टेबलापलीकडे गेली. एक म्हातारी बाई चाकाच्या खुर्चीत गेली. एक बाळ झोपेत गेलं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मनात आकडे करत होते, की इथूनच परत गेले तर जळगावची कुठली गाडी मिळेल. मायला काय सांगायचं तेही ठरवलं होतं.

मग मोठे साहेब आले. उभ्याउभ्याच कागद चाळला.

"ही एकच केस?"

"हो साहेब."

"रस्त्यावर कशाला बसलात?"

"डीपी जळली होती साहेब. दहावा दिवस होता."

"मग मिळाली?"

"बाराव्या दिवशी."

"म्हणजे बसल्यावर दोन दिवसांत." ते त्या पहिल्या अधिकाऱ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या गावी एकवीस दिवस लागले होते. आम्ही बसलो नाही ना." आणि माझ्याकडे वळून, "जा. तारखेला परत यायचं. लिहिलंय इथे."

शिक्का पडला. लहानसा आवाज. मी त्या टेबलाच्या पलीकडे होते.

ब्रुसेल्सला उतरल्यावर पुन्हा तेच. काचेमागे एक उंच, पिंगट दाढीचा तरुण अधिकारी होता. त्यानेही विचारलं, एक वर्षाचा का? मी मूळ आदेश आणि त्याची इंग्रजी प्रत दिली. मुंबईतल्या मोठ्या साहेबांना कळलेली गोष्ट याला कशी कळणार, या विचारात मी उभी होते. त्याने ओठ हलवत वाचलं.

"आणि इतर छत्तीस," तो म्हणाला. "हे कोण?"

माझं इंग्रजी तेव्हा अडखळायचं. मी म्हटलं, "माझं गाव."

"सगळे रस्त्यावर बसले?"

"हो. शेतकरी. वीज नव्हती."

त्याने मान हलवली. "ट्रॅक्टर आणले होते?"

मला आधी प्रश्न समजला नाही. मग कळलं की त्यांच्याकडचे शेतकरीही रस्ता अडवतात आणि ट्रॅक्टर आणून अडवतात. मी म्हटलं, "नाही. केळी."

"केळी?"

"केळीचे घड. रस्त्यावर ठेवले होते."

तो हसला. मोठ्याने नाही, पण खरंखुरं. शेजारच्या खिडकीतल्या बाईला त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, त्यातला केळी हा शब्द मला कळला. तीही वाकून माझ्याकडे बघून हसली. त्याने शिक्का मारला. चोपड्याच्या कोर्टातला तो गोल शिक्का, त्यावरची आपली अक्षरं, आणि त्याच्या शेजारी याचा हात. हे दोन एकाच टेबलावर कधी आले नसतील, असं मला वाटलं. कदाचित येतही असतील, मला माहीत नाही.

ती केळीची खोली मी दुसऱ्या दिवशी बघितली. दार उघडलं तर आत गारवा आणि पांढरा उजेड. मांडणीवर मांडणी, आणि मांडणीवर काचेच्या नळ्या. प्रत्येक नळीत बोटाएवढं केळीचं रोप, दोन-तीन पानं, खाली पारदर्शक खळीसारखा थर. माती नाही, वारा नाही. मी जन्मल्यापासून केळी बघते आहे, पण इतकी लहान आणि इतकी शांत केळी कधी बघितली नव्हती. नळ्यांवर देशांची नावं होती. मी ओळीने वाचत गेले. बऱ्याच वेळाने भारत सापडलं. एक नाही, कितीतरी. मी तिथेच उभी राहिले. आमच्या शेतात जे झाड माझ्या दुप्पट उंच होतं आणि पाण्यावाचून दुपारी मोडून पडतं, ते इथे माझ्या करंगळीएवढं होऊन वर्षानुवर्षं बसलं होतं.

शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. त्यांनी सांगितलं की कुठलंही रोप इथून दुसऱ्या देशात पाठवण्याआधी तपासावं लागतं. त्यात विषाणू नाही असा कागद लागतो. कोपऱ्यातल्या एका मांडणीवरच्या नळ्यांना लाल पट्टी होती. मी विचारलं, ही कोणती?

"यांचा निकाल अजून लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "काहींचा दहा वर्षं लागलेला नाही."

"मग यांचं काय करता?"

"काय करणार? बाकीच्यांसारखंच सांभाळतो."

पुढचे सहा आठवडे त्या मांडणीजवळून जाताना मी जरा हळू चालायचे.

आबांचा फोन दर रविवारी यायचा. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "तठे केयी शे का?" मी म्हटलं, आहे, बाटलीत आहे. त्यावर ते खूप हसले, त्यांना मी थट्टा करतेय असं वाटलं. प्रत्येक फोनच्या शेवटी ते तारीख सांगायचे. मला पाठ होती, तरी मी लिहून घेतल्यासारखं "हां" म्हणायचे.

मी वेळेवर परतले. चौथ्या दिवशी साडेदहाला चोपड्याच्या कोर्टात होते. आवारातल्या निंबाखाली सगळे जमलेले दिसत होते. मला बघून आबांनी हात जोडल्यासारखं केलं आणि मग स्वतःच लाजून टोपी नीट केली. ज्या काकूंनी वरातीचा टोमणा मारला होता, त्या म्हणाल्या, "गोरी नही व्हयनी वं तू." पुकारा झाला. आरोपी क्रमांक एक. मी "हजर" म्हटलं. आवाज जरा मोठा निघाला. दोन, तीन, चार. प्रत्येकाच्या "हजर"बरोबर मला वाटत होतं, आज होणार. अठरापर्यंत सगळे होते.

एकोणीस.

पुन्हा पुकारा. एकोणीस. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "साहेब, तो पुतणीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेलाय. येतो म्हणाला होता."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे बघितलं. मी पासपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी पानं उलटली, शिक्के बघितले.

"मग? होती का केळी तिकडे?"

"होती साहेब. आपलीपण होती."

त्यांनी मान हलवली, पासपोर्ट परत दिला आणि पुढची तारीख लिहिली.

बाहेर आल्यावर आबा आधी फोनवर एकोणीस नंबरावर ओरडले. "बेल्जियमथीन पोर उनी, आनि तुले धुयाथीन येता उनं नही?" तिकडून बँडचा आवाज येत होता, त्याला बहुतेक काहीच ऐकू गेलं नाही. आबांनी फोन खिशात टाकला, निंबाच्या पारावर बसले आणि म्हणाले, "दखाड बरं, ते काय शे."

मी पासपोर्ट दिला, आणि त्यात घडी करून ठेवलेला आदेशही. कडा मळल्या होत्या. सगळे वाकून बघायला लागले. मी सांगितलं, हा शिक्का मुंबईचा, हा तिकडचा, आणि हा कागद दोन्हीकडे वाचला.

"बठ्ठा वाचा?"

"हो. अगदी वरपासून. तिकडच्या साहेबांनी तर विचारलं, इतर छत्तीस म्हणजे कोण?"

"मंग तू काय सांगं?"

"सांगितलं, माझं गाव आहे."

आबांनी तो कागद हातात धरला. त्यांना वाचायला कमी येतं, पण आकडे येतात. त्यांनी "३६" वर बोट ठेवलं, बराच वेळ तसंच ठेवलं. मग मान वर करून बाकीच्यांकडे बघितलं.

"म्हंजे आपनबी जाई उनूत," ते म्हणाले. म्हणजे इतर छत्तीसही जाऊन आले होते.

मी वहीत पुढची तारीख लिहून घेत होते. पासपोर्टची मुदत त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी संपत होती.